सरस न लावलेली टेबलं

मेस्त्रींना आयुष्यात दोनच गोष्टींचा मनापासून राग होता. एक, डुगडुगणारं टेबल. दुसरी, कुणी दिलेला सल्ला. पहिल्या गोष्टीचा त्यांनी चाळीस वर्षं रंधा मारून बंदोबस्त केला होता. दुसरीपुढे मात्र हात टेकले होते, कारण घरात बायको आणि लेक या दोघी सल्ले देण्यात एकमेकींच्या वरताण होत्या.

हे लचांड गळ्यात घातलं ते लेकीनेच. ती नोकरीला होती निर्वासित पोरापोरींना कामधंद्याला लावणाऱ्या कचेरीत. एका रविवारी जेवताना म्हणाली, "बाबा, तुमच्याकडे हत्यारं आहेत आणि शिकायला कुणी नाही. माझ्याकडे तिघं आहेत शिकायला, आणि हत्यारं नाहीत. काय करायचं ते सांगा."

"मला शाळा काढायची नाही," मेस्त्री म्हणाले.

"शाळा कुठे म्हणतेय? सहा महिने ठेवून घ्या म्हणतेय."

मेस्त्रींची बायको, म्हणजे सगळ्यांच्या काकू, ताटात भाजी वाढता वाढता म्हणाल्या, "येऊ देत हो. तेवढंच ओरडायला माझ्याशिवाय दुसरं कुणी मिळेल तुम्हाला. माझ्या कानांना सुट्टी."

अशी ती तिघं आली. दोघं भाऊ आणि एक मुलगी, सगळी विशी-बाविशीतली. थोरला भाऊ इतका उंच, की पहिल्याच दिवशी कारखान्याच्या दाराची चौकट त्याच्या कपाळाला लागली. मेस्त्रींनी त्याचं नाव लांब्या ठेवलं. धाकटा तोंड मिटायचा नाही, म्हणून तो रेडिओ. आणि मुलगी? तिला कशाचंही माप घ्यायची खोड. आल्या आल्या तिने कामाचा ओटा मोजला, खिडकी मोजली, आणि मेस्त्री चहा प्यायला वळले तर पाठमोऱ्या मेस्त्रींचे खांदेही मोजून घेतले. ती झाली मोजपट्टी.

"माझ्या शवपेटीचं माप घेतेस काय गं?" मेस्त्री गरजले.

"नाही काका. तुम्ही ओट्यावर फार वाकता. ओटा आणखी चार बोटं उंच हवा. पाठ दुखत असेल ना?"

पाठ दुखतच होती, पण कबूल कोण करतंय! चार दिवसांनी ओट्याच्या पायांखाली चार बोटं जाडीचे ठोकळे आले. कुणी बसवले ते मेस्त्रींनी विचारलं नाही आणि पोरीने सांगितलं नाही. पाठ मात्र दुखायची थांबली.

मेस्त्रींनी ओरडून ओरडून शिकवलं. लांब्याचा रंधा असा चालायचा की ढलपी पातळ, अखंड आणि हातभर लांब निघायची. रेडिओ बडबडत पॉलिश करायचा, पण त्याने पॉलिश केलेल्या फळीत तोंड दिसायचं. आणि मोजपट्टीचे जोड! एका लाकडाला खाच, दुसऱ्याला त्या खाचेत शिरणारी कूस. दोन्ही इतकी नेमकी, की आत शिरताना हवा बाहेर पडल्याचा बारीक आवाज यायचा. पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा मेस्त्री चष्मा पुसायच्या निमित्ताने बाहेर जाऊन उभे राहिले. तो आवाज त्यांच्या हाताखालून ऐकू यायला त्यांना स्वतःला सहा वर्षं लागली होती.

पण नुसतं शिकून भागत नव्हतं. कचेरीचा नियम कडक होता. सहा महिने संपताना ज्याच्या हातात पुढच्या वर्षभराचं पक्कं काम असेल, त्याला बाहेर राहायचं आणि कमवायचं कार्ड. नसेल, तर पुन्हा छावणीतल्या यादीत नाव. दोघं भाऊ कुठेही तग धरतील असे होते. मोजपट्टीचं तसं नव्हतं. तिला आत्याने वाढवलं होतं, आणि दोघी छावणीच्या मोठ्या हॉलमध्ये एका पडद्यामागे राहत होत्या. आत्याला दम्याचा त्रास. हॉलमध्ये शंभर माणसं, त्यांचा स्वयंपाक आणि धूर. पोरीने एक खोली बघून ठेवली होती. एक खिडकी, एक नळ, बस्स. घरमालकीण म्हणाली होती, महिनाअखेरीपर्यंत कार्ड दाखव, तोवर खोली दुसऱ्या कुणाला देत नाही.

आणि महिना संपायला तीन आठवडे असताना वाचनालयाचं काम आलं. नव्या अभ्यासिकेसाठी आठ-आठ जण बसतील अशी बारा टेबलं. ती पसंत पडली, तर वाचनालयाच्या सहाही शाखांचं वर्षभराचं लाकूडकाम मेस्त्रींकडे. म्हणजेच तिघांची तीन कार्डं.

मेस्त्री स्वतः जाऊन अभ्यासिका मोजून आले. लांबी, रुंदी, खिडक्या, सगळं कागदावर. मोजपट्टीने कागद उलटसुलट करून पाहिला.

"काका, हॉल वरच्या मजल्यावर आहे ना? जिन्याचं माप कुठंय?"

"जिना काय टेबलावर बसून वाचणार आहे?" मेस्त्री खेकसले. "चल, फळ्या काढ."

पोरगी फळ्या काढायला गेली. तेव्हाच तिचं ऐकलं असतं तर! पण सल्ला म्हटलं की मेस्त्रींच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या, त्याला कोण काय करणार?

लाकूड कापून झालं, खाचा पाडून झाल्या, आणि नेमकी तेव्हाच मेस्त्रींच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आली. डॉक्टरांनी बजावलं, बारा दिवस भुशाच्या आसपास फिरकायचं नाही. मेस्त्रींनी जाताना तिघांना समोर उभं केलं. "जोड आधी सुका बसवून बघायचा. मग उघडायचा, सरस लावायचा, पुन्हा बसवायचा, लाकडी खुंटी ठोकायची आणि शिकंज्यात आवळून ठेवायचा. दुसऱ्या दिवशीपर्यंत हात लावायचा नाही. कळलं?"

"कळलं," तिघं म्हणाली.

बारा दिवस मेस्त्री काळा चष्मा लावून घरात येरझारा घालत होते. काकू रोज पोरांना डबा द्यायला जायच्या आणि येऊन खबर द्यायच्या, "छान दिसतायत हो टेबलं." दिसतायत म्हणे! टेबल काय दिसण्यावर असतं? पण बाहेर पडायची सोय नव्हती.

तेराव्या दिवशी दुपारी ते कारखान्यात शिरले. दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलं पोचवायची होती. बारा टेबलं ओळीने उभी, काठ एकसारखे, पॉलिश आरशासारखं. मेस्त्रींनी एकेक टेबल हलवून पाहिलं. ढिम्म हललं नाही. त्यांची छाती फुगली. मग त्यांनी दोनदा हुंगून पाहिलं.

काहीतरी चुकत होतं. पॉलिशचा वास होता, भुशाचा होता, सरसाचा नव्हता. त्यांनी फळीवरचा सरसाचा मोठा डबा खाली घेतला. झाकणावरचं सील जसंच्या तसं.

मेस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सरस कुठाय?"

रेडिओ बंद पडला. लांब्या आणखी लांब होऊन छताकडे बघू लागला. मोजपट्टी पुढे आली.

"नाही लावला, काका."

"नाही लावला! मग उभी कशावर आहेत ही?"

"खुंट्यांवर. खुंट्या एका बाजूने निमुळत्या केल्यात. पुढून ठोकल्या की घट्ट. मागून एक टोला दिला की बाहेर. घट्ट आहेत ना? हलतंय का एखादं?"

"अगं पण का? मी घसा फोडून सांगितलं होतं ना?"

पोरीने मान खाली घातली. "पहिल्या टेबलाला लावणार होते. डबा हातात घेतला होता. पण हात पुढे होईना. आम्ही नऊ वर्षांत अकरा जागा बदलल्या, काका. कधी तासाभरात निघा म्हणायचे, कधी त्याहून कमी वेळ असायचा. आत्याची खाट, पेटी, शेल्फ, सगळं मी असंच बनवायचे. एका हातोडीने सुटलं पाहिजे. सुटलं नाही ते तिथेच राहायचं. पहिली खाट खिळे मारून केली होती, ती राहिली." ती थांबली. "कायमचं चिकटवायचं म्हटलं की माझ्या पोटात गोळाच येतो."

भावांच्याही हातून डबा उघडला गेला नव्हता, यातच सगळं आलं.

मेस्त्रींना गलबलून आलं, खोटं का सांगा. पण त्यांना गलबलून आलं की ते जास्तच ओरडायचे. "अगं, हे वाचनालय आहे, तंबू नव्हे! कागदावर लिहून दिलंय मी, पक्के सरसाचे जोड! उद्या त्या ग्रंथपालबाईंनी एक खुंटी ओढून पाहिली तर काम गेलं. काम गेलं की कार्ड गेलं. कार्ड गेलं की खोली गेली. कळतंय का?"

कळत होतं. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मेस्त्रींनी बाह्या सरसावल्या. जड उचलायला अजून मनाई होती, पण डॉक्टर गेले खड्ड्यात. संध्याकाळपर्यंत त्यांनी स्वतःच्या हाताने टेबलं उघडून, सरस लावून, खुंट्या ठोकून शिकंज्यात आवळली. पण शिकंजे पुरले पाच टेबलांना. सहाव्याला एकही उरला नाही. पाच चिकटलेली, सात सुटी. "उद्या माझी पाच आधी वर चढवायची," मेस्त्री म्हणाले. "बाई तीच हलवून बघतील. बाकीच्यांचं बघू." घरी आल्यावर ताट अर्ध्यावरच सारलं. काकूंनी विचारलं, तर म्हणाले, डोळा दुखतोय.

सकाळी टेम्पो वाचनालयापाशी लागला. ग्रंथपालबाई दारात उभ्या होत्या. बुटक्या, करारी, आणि तीस वर्षं वाचनालयात काढल्यामुळे रस्त्यावरसुद्धा कुजबुजूनच बोलणाऱ्या.

"हळू," त्या कुजबुजल्या. "खाली परीक्षेची मुलं बसलीयत. अजिबात आवाज नको."

मेस्त्रींनी मान डोलावली. लांब्याने आणि रेडिओने पहिलं टेबल उचललं, मेस्त्रींचं, सरसाचं. जिन्याच्या आठ पायऱ्या झोकात चढले. मग वळण आलं. टेबल आडवं घातलं, अडकलं. उभं केलं, छताला लागलं. तिरकं केलं, तर असं काही अडकलं की ना वर जाईना, ना खाली येईना.

मेस्त्री कुजबुजत ओरडले, "उचल! उजवीकडे! अरे तुझ्या उजवीकडे!"

"हीच उजवी आहे, काका," रेडिओ कुजबुजला.

मोजपट्टी खालच्या पायरीवर टेप धरून उभी होती. काही बोलत नव्हती. न बोलणं इतकं मोठ्याने करता येतं हे मेस्त्रींना त्या दिवशी कळलं.

तेवढ्यात वरून आवाज आला. वर पंखे बसवायला गेलेला वायरमन जिन्याच्या तोंडाशी उभा होता. "अहो, मला खाली यायचंय."

"थोडं थांबा."

"थांबण्यासारखं नाहीये हो," वायरमन काकुळतीने कुजबुजला. शेवटी तो पोटावर आडवा होऊन टेबलाखालून सरपटत आला आणि कुणाकडेही न बघता स्वच्छतागृहाच्या दिशेने पळाला. अभ्यास करणाऱ्या पोरांपैकी एक मुलगी खुदकन हसली. मग एक मुलगा. ग्रंथपालबाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि हसू जिथल्या तिथे मिटलं.

"मेस्त्री," बाई म्हणाल्या, "उघडून नेता येणार नाही का?"

"नाही, बाई. चिकटवलंय." मेस्त्रींच्या कपाळावर घाम आला. "जिन्याचं माप घ्यायला हवं होतं. ते मी घेतलं नाही."

चाळीस वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं असेल. मोजपट्टीने टेप खिशात टाकला. टेम्पोपाशी गेली, आणि हातोडीला फडकं गुंडाळून आली.

"काका," ती हळूच म्हणाली, "सातातलं एक आणू?"

मेस्त्रींची पंचाईत झाली. आणावं तर बाईंसमोर बिंग फुटणार. नाही आणावं तर बाराच्या बारा टेबलं परत. त्यांनी पोरीकडे पाहिलं. तिची नजर त्यांच्यावर खिळली होती. तिच्या खोलीची खिडकी, तो नळ, ती आत्या, सगळं जणू त्या जिन्यात अडकून पडलं होतं.

"आण," ते म्हणाले.

आधी अडकलेलं टेबल कसंबसं ओढून मागे घेतलं. मग अंगणात सुटं टेबल उलटं ठेवलं. मोजपट्टीने मागून टोला दिला, आवाज आला तो उशीवर थापटल्याएवढा. खुंटी बाहेर. दुसरी. तिसरी. लांब्याने पाय काढले, रेडिओने वरची फळी सुटी केली. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. तिघांचे सहा हात असे चालले होते की बाई बघतच राहिल्या. पाच मिनिटांत टेबलाचे तुकडे लांब्याच्या खांद्यावरून वर गेले, आणि पुढच्या पाच मिनिटांत वर टेबल उभं. असं करत करत सातही. खाली एकाही परीक्षार्थ्याने मान वर केली नाही.

बाई वर आल्या. एका टेबलाला हात लावून जोरात हलवलं. हललं नाही. मग आजूबाजूला बघून, वाचकांपैकी कुणी बघत नाही याची खात्री करून, त्या चक्क टेबलावर चढून बसल्या आणि पाय हलवून पाहिले.

"घट्ट आहे," त्या उतरल्या. मग पिशवीतून कागद काढला. "पण इथे लिहिलंय, पक्के सरसाचे जोड."

मेस्त्रींना थाप मारता आली असती. लाकडाबद्दल ते काय वाट्टेल ते सांगू शकले असते, बाईंना काय कळणार होतं! पण ते खोटं त्यांच्या जिभेवर आलंच नाही.

"सरस नाही, बाई," ते म्हणाले. "मी लावायला सांगितला होता. पोरांनी लावला नाही. ही पोरं नऊ वर्षं घर पाठीवर घेऊन हिंडली, त्यांना सुटं होईल असंच बनवता येतं. चूक म्हणायची तर चूक आहे. पण हा जोड मी चाळीस वर्षांत एवढा नेमका पाहिलेला नाही, आणि माझी पाच टेबलं खाली अंगणात उभी आहेत. कागदावर काय लिहायचं ते तुम्ही ठरवा. फक्त शिक्षा करायची तर मला करा. यांचं काम नका काढून घेऊ. त्यावर यांचं सगळं अडलंय."

बोलता बोलता आवाज चढला होता. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं, आणि मेस्त्री वरमले.

बाईंनी पेन काढलं. 'पक्के सरसाचे जोड' यावर रेघ मारली. तीस वर्षं वाचनालयात असलेल्या बाईने कुणाच्या लिखाणावर रेघ मारणं म्हणजे काय, हे तिथे फक्त मेस्त्रींना कळलं असावं.

"माझ्या सहा शाखांपैकी चार वरच्या मजल्यावर आहेत," त्या कुजबुजल्या. "आणि दर दोन वर्षांनी कुणीतरी उठतो आणि शाखा दुसऱ्या इमारतीत हलवतो. गेल्या वेळी अठरा कपाटं तोडून काढावी लागली. असे जोड करतं कोण?"

मेस्त्रींनी मोजपट्टीला खांद्याला धरून पुढे ढकललं. "ही."

"मग वर्षभर हीच करेल ना?"

"करेन," मोजपट्टी म्हणाली. कुजबुजून नव्हे, चांगल्या खणखणीत आवाजात. खालची परीक्षार्थी मंडळी दचकली. बाई रागावल्या नाहीत.

मेस्त्रींची पाच टेबलं खालच्या मजल्यावर लहान मुलांच्या विभागात लागली. त्यावर रेडिओने पुढे महिनाभर विनोद केले आणि मेस्त्रींनी ते ऐकून घेतले. घरी काकूंना त्यांनी सगळं सांगितलं, जिन्याच्या मापासकट. काकू एवढंच म्हणाल्या, "मी काही बोललेय का?" आणि बाकीचं हसून घेतलं.

कार्डं आली. खोली मिळाली. मोजपट्टी कामातून वेळ काढून उरलेल्या लाकडाची एक खाट बनवत होती, आत्यासाठी. एका दुपारी ती मेस्त्रींपुढे उभी राहिली.

"काका, थोडा सरस द्याल? आणि चार शिकंजे?"

मेस्त्रींनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "तुला कशाला? तुझ्या तर पोटात गोळा येतो ना?"

"येतो," ती म्हणाली. "पण आत्या म्हणाली, या वेळी लाव."

मेस्त्रींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "जिना मोजलास?"

"मोजला. वर नेऊनच जोडणार आहे."

मेस्त्री स्वतः डबा आणि शिकंजे घेऊन तिच्याबरोबर गेले. खोली छोटी होती, खिडकी उघडी होती, आणि आत्या नळाखाली पेले धूत होत्या. तिघांनी मिळून खाट जोडली. पोरीने सरस लावला. पहिल्या जोडाला तिला बराच वेळ लागला, दुसऱ्याला कमी, चौथा एका दमात झाला. खुंट्या ठोकल्या, शिकंजे आवळले. आत्यांनी बाहेर आलेला सरस पदराने पुसून घेतला आणि खाटेच्या काठावर नुसता हात ठेवून उभ्या राहिल्या.

निघताना मेस्त्री दारातून सवयीप्रमाणे गरजले, "उद्या सकाळपर्यंत हलवायची नाही हं ती खाट! ऐकलंस का?"

"ऐकलं, काका," मोजपट्टी म्हणाली. "कुठे हलवणार? आता आम्ही इथेच राहतो."